एक वर्णन, किती जगं?

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकजवळ कुकडी नदीनं आपला काठ कापून काढला आहे आणि त्या कापलेल्या मातीत राखेचा एक थर दिसतो. ही राख सह्याद्रीची नाही. दख्खनचे ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास धुमसत होते, त्यामानानं ही राख अगदी अलीकडची. काचेच्या सूक्ष्म कपच्यांनी ती बनली आहे आणि त्या कपच्यांच्या रासायनिक घडणीचा माग काढत संशोधक पोचले सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीपाशी. तो इथून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर दूर आहे. टोबाच्या शेवटच्या महाउद्रेकात अंदाजे 2800 घन किलोमीटर खडकाचा रस बाहेर पडला. तो सगळा पुणे जिल्ह्याच्या 15,643 चौरस किलोमीटरांवर सारखा पसरला, तर जवळपास पावणेदोनशे मीटर जाडीचा थर होईल.

पण बोरीची राख टोबाच्या कुठल्या उद्रेकातली? तो डोंगर एकापेक्षा जास्त वेळा फुटला आहे. राखेच्या थरालगत आदिमानवाच्या अश्यूलियन घडणीच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्यामुळे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांसाठी हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं वय आलं सुमारे 14 लाख वर्षं. 1995 मध्ये आर्गॉनच्याच सुधारित पद्धतीनं आलं 6 लाख 70 हजार. काचकणांच्या रसायनाचा कौल वेगळाच पडला. भारतीय द्वीपकल्पातली टोबाची सगळी राख सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या एकाच उद्रेकाची आहे, असं 1998 च्या एका शोधनिबंधानं ठामपणे मांडलं. थर एकच, नदी एकच, आणि सर्वांत मोठं वय सर्वांत लहान वयाच्या अठरा पटींहून जास्त.

या वादात एक गोष्ट सर्वांना मान्य आहे, ती म्हणजे खरं उत्तर एकच आहे. राख एका विशिष्ट दिवशी आकाशातून पडली. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींची यादी तोकडी आहे म्हणून तीन वेगवेगळे भूतकाळ त्या यादीत बसू शकले. नवं मोजमाप झालं की यादीत एक वाक्य वाढतं आणि एखादा भूतकाळ गळून पडतो.

आता भूतकाळ, राख, नदी सगळं बाजूला ठेवू आणि फक्त यादी उरू देऊ. काही वाक्यं दिली आहेत. ती सगळी एकाच वेळी खरी ठरतील अशी जगं किती? गणिती तर्कशास्त्रातली एक अख्खी शाखा हा प्रश्न विचारते आणि तिथं आलेली उत्तरं टोबाच्या घन किलोमीटरांना खुजं करून टाकतात. या शाखेत वाक्यांच्या यादीला आणि तिच्यातून निघणाऱ्या सगळ्या निष्कर्षांना मिळून सिद्धांत म्हणतात. ती वाक्यं ज्यात खरी ठरतात ते जग म्हणजे त्या सिद्धांताचं प्रतिमान. यादीच्या भाषेतल्या प्रत्येक वाक्याचा निकाल, हो किंवा नाही, यादीतूनच लागत असेल तर सिद्धांत पूर्ण. लागत नसेल, तर विसंगती येऊ न देता वाक्यं वाढवत वाढवत तो पूर्ण करता येतो. याला त्याची पूर्ती म्हणू. सुसंगत सिद्धांताला निदान एक पूर्ती असतेच, हे लिंडेनबाउम या पोलिश गणितज्ञाचं प्रमेय. एकाहून जास्त किती, हा खरा मुद्दा.

एका पंगतीपासून सुरुवात करू. पंगतीला 25 माणसं बसली आहेत. कुठलीही दोन माणसं घ्या, ती एकमेकांना ओळखत असतील किंवा नसतील. यापलीकडे आपल्याला काहीच माहीत नाही. जोड्या होतात 25 गुणिले 24 भागिले 2, म्हणजे 300. प्रत्येक जोडीला दोन शक्यता, म्हणजे एकूण शक्यता 2 चा 300 वा घात. दोनावर नव्वद शून्यं लिहिली की ही संख्या जवळजवळ येते. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास आहे. म्हणजे एकेका अणूमागे दोन हजार कोटी पंगती येतात, आणि माणसं मात्र पंचवीसच. जुन्या भारतीय संख्यानामांत एकावर सतरा शून्यांना परार्ध म्हणतात. परार्धाला परार्धानं पाच वेळा गुणलं, तेव्हा कुठं या संख्येला ओलांडता येतं.

माणसं अनंत केली की शक्यता आणखी फुटतील असं कुणालाही वाटेल. पण एकच अट घाला. पंगतीतली कुठलीही मोजकी माणसं एका बाजूला घ्या आणि वेगळी मोजकी दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला ओळखणारा आणि दुसऱ्यातल्या एकालाही न ओळखणारा कुणीतरी पंगतीत हवाच. बस्स, एवढंच. माणसं 1, 2, 3 असे क्रमांक देत मोजता येण्याइतकी अनंत असतील, तर ही अट पाळणारी पंगत एकच असते. नावं बदलतील, ओळखींची घडण बदलणार नाही. या वर्णनातून पंगतीविषयीच्या प्रत्येक वाक्याचा निकाल लागतो; सिद्धांत पूर्ण आहे.

याहून विलक्षण गोष्ट एर्दश आणि रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी 1963 मध्ये दाखवली. अनंत माणसांच्या प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा. छापा आला तर ओळख, काटा आला तर नाही. एकानं जुन्नरला बसून उडवावं, दुसऱ्यानं घोडेगावला. दोघांच्या हातात हीच पंगत येईल, आणि ती येण्याची संभाव्यता आहे पूर्ण 1. पंचवीस माणसांच्या पंगतीत दोघांची उत्तरं जुळण्याची आशा कुणी धरणार नाही. अनंतात ती जुळतात.

ही पंगत डोळ्यांसमोर आणण्याची एक सोपी रीत रिचर्ड राडो यांनी 1964 मध्ये दिली. माणसांऐवजी 0, 1, 2, 3 अशा संख्या घ्या. मोठी संख्या दोनच्या घातांची बेरीज म्हणून लिहा. त्या बेरजेत जे घातांक येतील, त्या लहान संख्या तिच्या ओळखीच्या. जुन्नर तालुक्यातच, नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले आकडे आहेत. यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब तिथं दगडात आहे आणि त्यात 24,400 कार्षापणांची नोंद आहे. हीच संख्या घ्या. 24,400 म्हणजे 16384 + 4096 + 2048 + 1024 + 512 + 256 + 64 + 16, अर्थात दोनचे 14, 12, 11, 10, 9, 8, 6 आणि 4 हे घात. तेव्हा 24,400 ला आपल्यापेक्षा लहान अशा आठच संख्या ओळखीच्या: 4, 6, 8, 9, 10, 11, 12 आणि 14. मोठ्या ओळखी मात्र अनंत. त्यांतली पहिली आहे दोनचा 24,400 वा घात, जी लिहायला 7,346 अंक लागतात. नाणेघाटाच्या भिंतीवर ती मावणार नाही.

इथपर्यंत अनंतानं गोष्टी सोप्या केल्या. आपल्या ओळखीच्या बेरीज-गुणाकाराकडे वळलो की चित्र उलटं होतं.

1, 2, 3 या संख्यांचं सर्वपरिचित वर्णन म्हणजे इटालियन गणितज्ञ पेआनो यांच्या नावानं चालणारा सिद्धांत: शून्य आहे, प्रत्येक संख्येनंतर पुढची संख्या आहे, बेरीज आणि गुणाकार असे होतात, आणि एक पायरी चढता आली की पुढची चढता येते हे विगमनाचं तत्त्व. शाळेतलं सगळं अंकगणित यात बसतं. 1931 मध्ये कुर्ट ग्योडेल यांनी दाखवलं की हे वर्णन अपूर्ण आहे. काही वाक्यांचा निकाल त्यातून हो असाही लागत नाही आणि नाही असाही. ठीक आहे, त्या वाक्याचं उत्तर आपणच ठरवून यादीत घालू. ‘हो’ घातलं तरी सिद्धांत सुसंगत, ‘नाही’ घातलं तरी सुसंगत. आणि दोन्ही वाढीव यादींना ग्योडेलचं प्रमेय पुन्हा लागू पडतं, कारण नव्या यादीतही अनिर्णित वाक्य निघतंच. एका वाटेला दोन फाटे, त्या दोहोंना चार, त्यांना आठ. तीनशे फाट्यांनंतर मघाचीच नव्वद शून्यांची संख्या, आणि कुठल्याच फांदीला शेवट नाही.

या न संपणाऱ्या प्रत्येक फांदीतून अंकगणिताची निदान एक पूर्ती निघते, आणि वेगळ्या फांदीतून वेगळी. फांद्यांची गणती करायला 1, 2, 3 हे सगळे आकडे वापरले तरी पुरत नाहीत. कुठलीही क्रमवार यादी करा, यादीतल्या पहिल्या फांदीपेक्षा पहिल्या फाट्यावर वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या फाट्यावर वेगळी, अशी वळत जाणारी फांदी यादीबाहेर राहते. कँटर यांनी 1891 मध्ये वापरलेली ही युक्ती. रेषेवर जितके बिंदू आहेत तितक्या अंकगणिताच्या पूर्ती आहेत. याउलट, आपण लिहू शकतो असे सगळे मजकूर, आजवरचे सगळे ग्रंथ आणि पुढं कधी लिहिले जातील तेही, क्रमांक देऊन मोजता येतात. म्हणजे कुठलीही एक भाषा ठरवून घेतली, तर बहुतेक सगळ्या पूर्ती अशा आहेत की त्यांचं नेमकं वर्णन त्या भाषेत कुणालाही, कधीही करता येणार नाही. आणि यातली एकही पूर्ती संगणकाच्या प्रोग्रॅमनं तयार करता येत नाही, आपल्या नेहमीच्या अंकगणिताची पूर्तीसुद्धा. मला या विषयात हे सर्वांत हादरवणारं वाटतं. पहिलीच्या मुलाला शिकवतो त्या बेरीज-गुणाकाराबद्दलची ही गोष्ट आहे.

अनिर्णित वाक्य म्हटलं की काहीतरी कृत्रिम, स्वतःच्याच शेपटीत अडकलेलं वाक्य असेल असं वाटतं. ग्योडेलचं मूळ वाक्य तसं होतंही. म्हणून गुडस्टीन यांची माळ पाहण्यासारखी आहे. ती वहीत करून पाहता येते.

4 घ्या. तो दोनच्या घातांत लिहा: 2 चा 2 रा घात. आता जिथं जिथं 2 आहे तिथं 3 लिहा, घातांकातसुद्धा: 3 चा 3 रा घात, म्हणजे 27. त्यातून 1 वजा करा, 26. आता 26 तीनच्या घातांत लिहा, दोन नव, दोन तीन आणि दोन. तीनच्या जागी चार घाला: दोन सोळा, दोन चार आणि दोन, म्हणजे 42, एक वजा, 41. पुढं चारच्या जागी पाच: 60. मग 83. मग 109. पाया दर वेळी एकानं वाढतो आणि वजाबाकी फक्त एकाची. ही माळ वाढतच जाणार हे कुणीही पैजेवर सांगेल.

1944 मध्ये रूबेन गुडस्टीन यांनी सिद्ध केलं की कुठल्याही संख्येपासून निघा, माळ अखेर शून्यावर येते. 3 पासून निघालात तर 3, 3, 3, 2, 1, 0 असं पाच पायऱ्यांत आटोपतं. 4 पासून निघालात तर लागणाऱ्या पायऱ्या सुमारे तीन गुणिले दोनचा 40,26,53,211 वा घात इतक्या आहेत. ही संख्या लिहायला 12,12,10,695 अंक लागतात. एका पानावर दोन हजार अंक बसवले तर साठ हजारांहून जास्त पानं, आणि तीही नुसता पायऱ्यांचा आकडा लिहायला. टोबाच्या राखेचं वय सेकंदांत मोजलं, विश्वाचं वय सेकंदांत मोजलं, तरी त्यांचे अंक बोटांवर मोजण्याइतके, फार तर अठरा. आणि निघालो होतो 4 पासून. 5 पासूनच्या माळेची लांबी घातांच्या नेहमीच्या लेखनात सांगताच येत नाही.

गुडस्टीन यांची सिद्धता पेआनोच्या वर्णनाबाहेरची साधनं वापरते, कँटरच्या अनंत क्रमसंख्या. त्या टाळता येत नाहीत, हे लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस यांनी 1982 मध्ये दाखवलं. ‘प्रत्येक माळ शून्याला पोचते’ हे वाक्य पेआनोच्या सिद्धांतातून सिद्ध होत नाही. तेव्हा त्या सिद्धांताच्या काही पूर्तींमध्ये ते खरं आहे आणि काहींमध्ये खोटं. म्हणजे बेरीज, गुणाकार, विगमन सगळं पाळणारं एक जग आहे, ज्यात कुठल्यातरी संख्येपासून निघालेली माळ शून्याला कधीच पोचत नाही.

ती संख्या कोणती? 4 नाही. 4 ची माळ किती का लांब असेना, ती मर्यादित आकडेमोड आहे आणि तिचा निकाल प्रत्येक जगात तोच. 5 नाही, 24,400 नाही, आपण लिहू शकतो अशी कुठलीच संख्या नाही. त्या जगात आपल्या सगळ्या संख्यांच्या पलीकडेही संख्या आहेत. शून्यापासून एकेक पाऊल टाकत तिथं पोचता येत नाही, पण त्यांची बेरीज होते, गुणाकार होतो, त्यांना अवयव असतात. नॉर्वेच्या थोराल्फ स्कोलेम यांनी 1930 च्या दशकात अशी जगं असतात हे दाखवलं. क्रमांक देता येतील एवढ्याच संख्या ज्यांत आहेत अशी ही जगं घेतली, तरी तीही रेषेवरच्या बिंदूंइतकीच आहेत. आणि त्या सगळ्यांत संख्यांची रांग एकाच धाटणीची: आधी आपल्या 0, 1, 2, 3, मग दोन्ही बाजूंनी न संपणारे पट्टे, कुठल्याही दोन पट्ट्यांमध्ये आणखी एक पट्टा, पहिला पट्टा नाही, शेवटचा नाही. रांग एकसारखी, तरी बेरीज-गुणाकार इतक्या असंख्य तऱ्हांनी वेगळे. 1959 मध्ये स्टॅन्ली टेनेनबाउम यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. यांपैकी एकाही जगातली बेरीज संगणकाला शिकवता येत नाही.

बोरीच्या राखेशी तुलना इथं थांबते. तिथं उरलेले भूतकाळ चुकीचे ठरतात. इथं प्रत्येक पूर्ती दिलेल्या यादीशी पूर्ण इमान राखते.

एक आणि असंख्य या दोन टोकांमध्येही उत्तरं आहेत, आणि त्यांतल्या एकाचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. ज्यात प्रत्येक बहुपदी समीकरणाला मूळ सापडतं अशा संख्याजगांचा सिद्धांत घ्या. आपल्या संमिश्र संख्या हे त्याचं एक प्रतिमान. यादीत एकच गोष्ट सांगायची राहिली आहे: 1 मध्ये 1 मिळवत गेलं तर कधी शून्य येतं का? येत असेल तर ते 2, 3, 5, 7 अशा एखाद्या मूळ संख्येइतक्या वेळा मिळवल्यावरच येतं. हे सांगितलं की सिद्धांत पूर्ण होतो. तेव्हा या सिद्धांताच्या पूर्ती नेमक्या इतक्या: प्रत्येक मूळ संख्येला एक, आणि ‘कधीच येत नाही’ ही आणखी एक. या शेवटच्या पूर्तीत जे वाक्य खरं असेल, ते मोजक्या मूळ संख्या सोडल्या तर बाकी सगळ्या पूर्तींतही खरं असतं, आणि उलटही. याच पुलावरून जेम्स अ‍ॅक्स यांनी 1968 मध्ये एक सुंदर सिद्धता दिली. 25 पाटांवर 25 माणसं, एका पाटावर एकच, तर एकही पाट रिकामा राहत नाही. एवढ्या साध्या गोष्टीवरून त्यांनी दाखवलं की संमिश्र संख्यांच्या कितीही मितींच्या अवकाशाला स्वतःतच नेणारी बहुपदी एकास एक असेल, तर ती सगळा अवकाश व्यापते.

श्रीराम अभ्यंकरांचं आयुष्य या पूर्तींमध्येच गेलं असं म्हणता येईल. 1976 मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभं करणारे अभ्यंकर तर्कशास्त्रज्ञ नव्हते. वक्र आणि पृष्ठांवरचे छेद, टोकं, गुंते सोडवण्याचं गणित ते करत. हिरोनाका यांनी 1964 मध्ये ‘कधीच शून्य नाही’ या जगात हा प्रश्न सर्व मितींसाठी सोडवला. मूळ संख्यांच्या जगात तो फार अवघड आहे. तिथं अभ्यंकरांनी 1956 मध्ये पृष्ठांसाठी तो सोडवला, आणि 1966 मध्ये तीन मितींसाठी, फक्त 2, 3 आणि 5 ही जगं सोडून. 1969 मध्ये पॉल एक्लोफ यांनी मघाचा पूल वापरून हिरोनाकांचा निकाल जवळजवळ सर्व मूळ संख्यांच्या जगांत नेला. गुंत्याची मर्यादा ठरवून घ्या, मग मोजक्याच मूळ संख्या बाहेर राहतात. कोणत्या राहतात हे पूल सांगत नाही. त्या हातानं सोडवाव्या लागतात. अभ्यंकरांच्या निकालाबाहेर राहिलेल्या 2, 3, 5 साठी 2008-09 उजाडावं लागलं. व्हिन्सेंट कोसार आणि ऑलिव्हिए पिल्तां यांनी ते काम पूर्ण केलं.

आता सिद्धांत पूर्णच घेऊ, सगळ्या वाक्यांचे निकाल लागलेला. त्याची क्रमांक देता येण्याजोगी प्रतिमानं किती असू शकतात? अनंत पंगतीला एक होतं. तीनही असू शकतात: अपूर्णांकांसारखी दाट, दोन्हीकडे टोक नसलेली रांग घ्या आणि तिच्यात चढत जाणारे अनंत खांब रोवा. एक तर खांब सगळ्या रांगेला मागे टाकत जातात, किंवा त्यांच्या पलीकडे जागा उरते. उरली तर त्या जागेला पहिला बिंदू असतो किंवा नसतो. तीन जगं, आणि यांच्यातला फरक पकडणारं एकही वाक्य त्या भाषेत नाही. चारही असू शकतात, पाच, सहा, कितीही. दोन मात्र कधीच नसतात. हे रॉबर्ट व्हॉट यांनी 1961 मध्ये सिद्ध केलं.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक अंदाज मांडला. अशी प्रतिमानं एक तर 1, 2, 3 असं मोजता येतील, नाहीतर रेषेवरच्या बिंदूंइतकी असतील. अधलंमधलं काही नाही. मायकेल मॉर्ली यांनी 1970 मध्ये शक्यता जवळजवळ बंद केल्या. आता मोजण्याजोग्या अनंतानंतरचं लगेचचं अनंत, तेवढी एकच संख्या मध्ये शिल्लक आहे. तेवढी प्रतिमानं असलेला सिद्धांत आजवर कुणाला सापडलेला नाही, आणि तो नाहीच हेही कुणी सर्वमान्यपणे सिद्ध केलेलं नाही.